धुरपताला येत होतं

आमगावच्या इंग्रजी शाळेत यादोराव मास्तर व्याकरण शिकवायचे, आणि व्याकरणातही त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता, तो म्हणजे वाक्याचा सब्जेक्ट. बाकीचे धडे ते कसेबसे उरकून टाकत. सब्जेक्ट आला की मात्र कोट काढून खुंटीला लावत आणि बाह्या वर सारत. समोर बसलेली पोरं धान पिकवणाऱ्या घरांतली. घरात कुणी पोवारी बोलणारं, कुणी झाडीबोली, बाजारात सगळ्यांची हिंदी. इंग्रजी त्यांनी ऐकली असेल तर ती फक्त मास्तरांच्या तोंडून. ही पोरं वाक्यातला पहिला शब्द धरत, हाच सब्जेक्ट म्हणत आणि मोकळी होत.

"लग्नाच्या पंगतीत पयल्या पाटावर बसला तो नवरदेवाचा बापच असते का रे?" मास्तर ओरडत. "फुकट खावाले आलेला बी असते! पयले क्रियापद शोधा. त्याची मान धरा आन् इचारा, कोन? कोन आला? कोन पडला? मंग जो समोर येईन, तो सब्जेक्ट."

उत्तर बरोबर आलं की ते म्हणत, "बरोबर. बस खाली." चुकलं की काहीच म्हणत नसत. ज्याला उत्तर येत नाही त्यानं उभं राहायचं, मास्तर सांगतील तोवर. असा त्यांचा नियम होता आणि तो तहसीलदाराच्या मुलालाही लागू होता, हे ते चारचौघांत आवर्जून सांगत.

सकाळी त्यांच्या घराच्या ओसरीवर शिकवणीची पोरं बसत. तिथे एखादं वाक्य सगळ्यांनाच अडलं की मास्तर घराच्या आत तोंड करून हाक मारत, "धुरपता!" मग त्यांची एकुलती एक मुलगी शेणानं माखलेले हात तसेच घेऊन दारात यायची. मास्तर इंग्रजी वाक्य म्हणत. ती क्षणभर छपराच्या बल्लीकडे बघायची आणि सब्जेक्ट सांगून टाकायची. वाक्य सरळ असो, उलटं असो, मध्ये कितीही फापटपसारा असो, तिचं उत्तर चुकलं आहे असं त्या ओसरीनं कधी पाहिलं नाही. "बरोबर. बस खाली," मास्तर सवयीनं म्हणत. आता तिला तिथे बसायला कुणी जागा ठेवली होती? ती आल्या पावली आत जायची आणि राहिलेलं अंगण सारवायची. पण ते तीन शब्द तिला दिवसभर पुरत. आईनं लाडानं कधी जवळ घेतलं तरी तिला इतकं बरं वाटत नसे.

एकदा मास्तर पोरांना आज्ञेची वाक्यं शिकवत होते. "पाणी आण" यात सब्जेक्ट कोण, कुणालाच सापडेना, कारण तो दिसतच नव्हता. मास्तरांनी समजावलं की हुकमाच्या वाक्यात सब्जेक्ट दडलेला असतो. ज्याला हुकूम सोडला तोच सब्जेक्ट, तो आपण समजून घ्यायचा. दारातून धुरपता म्हणाली, "म्हंजे आई मले म्हनते पानी आन, धान निवड, तवा सब्जेक्ट मीच का बाबा?" मास्तर पोट धरून हसले. शाळेत जाऊन त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. पोरगी खूश झाली. त्या हसण्यात आपलं पुढचं सगळं आयुष्य आहे, हे तिला कुठून कळणार!

तिचं लग्न तेव्हा झालेलंच होतं. झालेलं होतं म्हणजे, लावलं गेलं होतं. ती भातुकली खेळायच्या वयाची असताना तिच्या आजोबांनी बोदलकसाकडच्या केशोरावांशी सोयरीक जमवली. केशोरावांची तलावाखाली धानाची शेती, दारात चार बैल, आणि एक मुलगा. मुलाचं नाव खुशाल. आपण हे नाव खुशाल घेऊ. धुरपताला ते घेता येत नव्हतं. नवऱ्याचं नाव बायकोच्या ओठांवर आलं की त्याचं आयुष्य तेवढं तुटतं, असं त्या मुलखातली प्रत्येक आई आपल्या मुलीला सांगायची आणि मुलगी ते रक्तात भिनवून घ्यायची. दारात आलेल्या भिकाऱ्याचं नाव खुशाल निघालं तरी धुरपता त्याला "अगा बाप्पा" म्हणून हाक मारायची. पाळीच्या आधी सासरी पाठवायची रीत नव्हती. गवना, म्हणजे सासरी पाठवणी, व्हायचा बाकी होता, म्हणून ती अजून माहेरी होती. गळ्यात काळ्या मण्यांची पोत होती आणि डोक्यात बापाचं व्याकरण.

यादोरावांना त्या लग्नाचा पुढे पस्तावा झाला. आपल्या बापापुढे त्यांनी तेव्हा तोंड उघडलं नव्हतं. शाळेत पंगतीतल्या पाटांवरून एवढं व्याख्यान देणारा हा माणूस आपल्या मुलीच्या लग्नात स्वतः पाटावर मुकाट बसला होता. मुलीला मिळालेलं डोकं पाहून त्यांचा जीव तुटायचा. अशात नागपूरहून बातमी आली. तिथल्या बायकांच्या एका मंडळानं मुलींना मास्तरीण करण्यासाठी शिष्यवृत्ती काढली होती. राहायला बोर्डिंग, शिकायला शाळा, पुढे नोकरी. इंग्रजी येणारी मुलगी हवी होती आणि अशी मुलगी भंडाऱ्यापासून दरेकसाच्या डोंगरापर्यंत शोधून सापडली नसती. फक्त एक अट होती. मुलगी कुमारी असावी, नाहीतर विधवा. लग्न झालेली नको, कारण सासरचे लोक अर्ध्यातून ओढून नेतात आणि सगळा खर्च वाया जातो.

यादोरावांनी कळवलं की आपली मुलगी कुमारी आहे.

मुलाखत घ्यायला नागपूरहून एक मडम येणार होती, सोबत सुलोचनाबाई नावाच्या एक शिक्षिका, मडमला मराठी समजावून द्यायला. त्या सकाळी यादोरावांनी धुरपताला जवळ बोलावलं आणि तिच्या गळ्यातली पोत स्वतःच्या हातानं काढली. आई अनुसयाबाई चुलीपाशी होती, ती धावत आली.

"का करून राहिले तुमी? पोरीचा गरा उघडा केला? जावई जित्ता हाये ना माझा!"

"एका दिवसाचा सवाल हाये," मास्तर म्हणाले. "सांजच्याले घाल परत. नागपूरले जाऊ दे तिले, मंग मी केशोरावले समजावतो."

"आन् त्या पोराले काई झालं त?"

मास्तरांनी कोट घातला आणि ते बाहेर गेले. अनुसयाबाईनं ती पोत देवापुढे ठेवली, वर हळदकुंकू वाहिलं. मग मुलीचा हात धरून तिला देवापुढे बसवलं. "बापानं पोत काढली," ती म्हणाली, "ते पाप त्यायचं. पन आज त्याचं नाव तुझ्या तोंडातून निंघालं त ते पाप तुझं. गरा उघडा अन् वरून नाव घेतलं त तो वाचनार नाई. माझी शपथ घे."

धुरपतानं शपथ घेतली. नाव घ्यायचा प्रसंग येईलच कशाला, असंच तिला वाटलं असणार. तिच्या मनात नागपूर होतं. तिथे रस्त्यानं मुली पुस्तकं घेऊन जातात, असं बाबांनी सांगितलं होतं. गळा मात्र हलका लागत होता आणि हात सारखा तिकडे जात होता.

मुलाखत शाळेतच झाली, मास्तरांच्या वर्गात, सगळ्या पोरांसमोर. मडमला बघायचंच होतं की मुलगी चारचौघांत बोलू शकते की नाही. परगावाहून नवे आलेले शाळेचे मोठे मास्तर दाराशी उभे होते. मडमनं पुस्तक उघडलं आणि एकेक वाक्य वाचून विचारायला लागली, सब्जेक्ट कोणता? धुरपता सांगत गेली. मडम चकित झाली. तिनं पानं उलटून अवघड वाक्यं शोधली, तीही धुरपतानं फोडली. यादोराव फळ्याशी उभे होते. छाती अशी फुगलेली, की कोटाची बटणं तुटतात की काय असं पोरांना वाटत होतं.

मग मडमला शंका आली, आणि तिची शंका रास्तच होती. हे पुस्तक मास्तरांनी मुलीकडून पाठ करून घेतलेलं नसेल कशावरून? तिनं पुस्तक मिटलं. मनानं एक वाक्य बनवावं म्हणून ती वर्गावर नजर फिरवायला लागली. पुढच्या रांगेत एका तेल्याचा पोरगा बसला होता. मडमनं त्याला नाव विचारलं. तो उभा राहून खणखणीत म्हणाला, "खुशाल!"

मडम हसली आणि सावकाश, एकेक शब्द उच्चारत म्हणाली, "डाउन द हिल, विथ टू बुलक्स अँड अ ड्रम, केम खुशाल."

म्हणजे, टेकडीवरून खाली, दोन बैल आणि एक ढोल घेऊन, आला खुशाल. यादोरावांना मनातून उकळ्या फुटल्या. उलटं वाक्य! त्यांचं लाडकं. टेकडी पुढे, बैल पुढे, ढोल पुढे, आणि खरा धनी सगळ्यात मागे. क्रियापदाची मान धरायची आणि विचारायचं, कोण आला? धुरपताला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की तेवढा एक शब्द सोडून तिला जगातला कुठलाही शब्द उच्चारता आला असता.

धुरपता उभी होती. तिनं छताकडे बघितलं नाही, बघायची गरजच नव्हती. उत्तर तिच्या समोर येऊन ठाकलं होतं आणि तिचे ओठ शिवल्यासारखे झाले होते.

"डाउन द हिल," तिनं सुरुवात केली, "विथ टू बुलक्स अँड अ ड्रम, केम..." आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं. पुन्हा "केम"पाशी येऊन थांबली. पोरं फिदीफिदी हसायला लागली.

"यस? हू केम?" मडमनं विचारलं.

घरात नवऱ्याला नुसतं ते म्हणतात, तसंच धुरपतानं इंग्रजीत म्हटलं. "ही," ती म्हणाली. ते आले, असं.

मडमनं मान हलवली. या वाक्यात "ही" नाही, ती म्हणाली. कोण ते सांग. सणासुदीला बायका नवऱ्याचं नाव उखाण्यात गुंडाळून घेतात, तेवढी सूट आपल्याकडे आहे. पण इंग्रजी व्याकरणाचा उखाणा कुणी रचून ठेवला होता? धुरपतानं बापाकडे पाहिलं. बाप कोटाच्या बटणाशी चाळा करत होता.

सुलोचनाबाई इतका वेळ खुर्चीत बसून होत्या. त्या उठल्या आणि धुरपताच्या जवळ आल्या. त्यांनी तिचा चेहरा पाहिला, मग गळा. उन्हानं रापलेल्या गळ्याभोवती पोतीच्या जागेची कातडी फिकट राहिली होती. मराठी घरात वाढलेल्या बाईला आणखी काय सांगावं लागतं?

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "मुलीचं लग्न झालंय का?"

"छे हो, बाई."

"मग ती नाव का घेत नाही?"

आता नीट पाहायला हवं, कारण याच ठिकाणी धुरपताच्या आयुष्याचा निकाल लागला. नागपूर तर गेलंच होतं. लग्न झालंय म्हटलं तरी गेलं होतं आणि मुलीला उत्तर येत नाही म्हटलं तरी गेलं होतं. राहिलं होतं एवढंच, की या वर्गात तोंड कुणाचं काळं व्हायचं. खरं सांगितलं तर खोटं कळवणारा मास्तर म्हणून दाराशी उभ्या असलेल्या मोठ्या मास्तरांसमोर यादोराव उघडे पडत होते. नोकरीवर आलं असतं, कदाचित गेलीही असती. आणि नाही सांगितलं तर मुलगी मठ्ठ ठरत होती. बस्स, एवढाच हिशेब.

"तिले येत नाई," यादोराव म्हणाले. मग मडमकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "शी डज नॉट नो."

धुरपताला इंग्रजी येत होतं. बापानंच शिकवलं होतं. ते वाक्यही तिनं सवयीनं फोडलं. क्रियापदाला विचारलं, कोणाला येत नाही? शी. सब्जेक्ट तीच होती.

सुलोचनाबाई मास्तरांकडे बघत राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्या काही बोलल्या नाहीत; कुणाची तरी नोकरी आपल्यामुळे जाईल असं त्यांना वाटलं असेल, किंवा गाडीची वेळ झाली असेल. मडमनं वाईट वाटल्यासारखं तोंड केलं, पोरीच्या खांद्यावर थोपटलं आणि छत्री उचलली. पाहुण्या स्टेशनाकडे गेल्या. पोरं सुटली, मोठे मास्तर गेले, यादोराव त्यांच्यामागे लगबगीनं गेले. धुरपता रिकाम्या वर्गात तशीच उभी होती. तिला बस खाली असं कुणी म्हटलंच नव्हतं. शेवटी शाळेचा चपराशी मंगरू झाडायला आला, तो म्हणाला, "घरी जाय माय. समदे गेले."

त्यानंतर ओसरीवरून हाक आली नाही. पोरं यायची, व्याकरण चालायचं, एखादं वाक्य अडलं की सगळेच गप्प बसायचे, आणि मास्तर आत तोंड करत नसत. गावात बातमी पसरली होती की मास्तरची पोरगी मडमसमोर बैलासारखी उभी राहिली. काही दिवसांनी आतून धुरपताला ऐकू आलं. मास्तर एका पोराला रागावत होते, "उलट्या वाक्यात घाबरू नको. माझी पोरगी अशीच घाबरली आन् नागपूर गमावून बसली." ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता तिचा हात थांबला. हे पोराला सांगायलाच हवं होतं का? तिनं वाट पाहिली, की जेवायला बसल्यावर बाबा एकदा तरी म्हणतील, की पोरी, मला माहीत आहे. ते वरणात मीठ कमी आहे म्हणाले.

धान कापून झालं आणि गवना करून तिला बोदलकसाला धाडून दिलं.

तिथलं काय सांगावं? दुष्ट माणसं नव्हती ती. दुष्ट असती तर निदान रागावता आलं असतं. उठ. शेण काढ. पानी आन. रोवन्याले चाल. जेवन वाढ. सगळी छोटी छोटी वाक्यं, आणि कुठल्याच वाक्यात ती दिसत नव्हती; समजून घ्यायची होती. चिखलात वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावताना ती ही वाक्यं मनातल्या मनात इंग्रजीत करायची आणि दडलेला सब्जेक्ट शोधायची. यू. यू. यू. पहिल्या काही वर्षांत तिला याची गंमत वाटायची. मग तिनं ते सोडून दिलं. एक मूल झालं, ते राहिलं नाही. पुढे झालं नाही.

खुशाल धट्टाकट्टा, हसरा माणूस होता. बायकोला मारत नव्हता, तिच्याशी बोलतही नव्हता. तिला शोधायचं असलं की "कोन हाये व आत?" असं विचारायचा. आणि धुरपता या माणसाचं आयुष्य राखत होती. त्याच्यासाठी तिनं नागपूर दिलं होतं, बापाची शाबासकी दिली होती, गावभर मठ्ठ म्हणवून घेतलं होतं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा तिनं सांगायचा प्रयत्न केला, तर तो म्हणाला, "मडम? कोनती मडम?" आणि बैल सोडायला निघून गेला. तरी तो भरल्या ताटावर बसला की तिला वाटायचं, हा जिवंत आहे तो आपल्या गप्प बसण्यानं. एवढा एक ऐवज तिच्याकडे होता. माणसाला जगायला काहीतरी लागतंच.

मग खुशाल लाकडाच्या कामावर दरेकसाला जायला लागला, आणि एका उन्हाळ्यात तिथून वच्छलाला घेऊन आला. मूल हवं होतं, म्हणून कुणी फारसं काही म्हटलं नाही. वच्छला स्टेशनाच्या बाजूला हमालांच्या वस्तीत वाढलेली, आवाज मोठा, मन मोकळं. धुरपताला ती पहिल्याच दिवशी ताई म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी भात झाला. खुशाल खळ्यात होता. वच्छला दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि ओरडली, "खुशाल! ए खुशाल! भात वाढला, ये ना गा!"

सासूच्या हातातलं सूप पडलं. "का बोलून राहिली व तू? नवऱ्याचं नाव?"

"मंग का म्हनू?" वच्छला म्हणाली. "नाव हाये त्याचं. घ्याचं नवतं त ठेवलं कायले?"

धुरपता खांबाला धरून उभी होती. तिचं लक्ष खळ्याकडे होतं. आता तो पडेल, आता छाती धरून खाली बसेल. खुशालनं बैलाच्या पाठीवर थाप मारली, पाय धुतले, आत आला, दोनदा भात मागून घेतला आणि ढेकर देऊन झोपला.

वच्छला रोज नाव घ्यायची. दिवसातून कितीदा तरी. तलावावरून, शेतातून, भांडणात, लाडात. सासूही सरावली. खुशालला ते आवडायला लागलं, तो हाकेसरशी ओ द्यायचा. त्याला मुलगा झाला, मग मुलगी. त्याचं पोट सुटलं. धुरपता वाट बघत होती. होय, वाट बघत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. एका पावसाळ्यात त्याला ताप भरला, तो बरळायला लागला, तेव्हा तिच्या छातीत जे हललं ते नुसतं भय नव्हतं. तिला वाटलं, अखेर. अखेर खरं ठरतंय. निदान माझं गप्प बसणं वाया गेलं नव्हतं, असं ठरतंय. आठवडाभरात तो खडखडीत बरा झाला आणि वच्छलाच्या नावानं शिव्या देत कोंबडी मागायला लागला. त्या दिवशी धुरपता तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, जाऊन बसली आणि स्वतःचीच तिला इतकी घृणा आली, की पाण्यात बघवेना.

तिनं आपलं लुगड्यांचं गाठोडं बांधलं. जाते म्हणून सांगितलं. "कवा येसान?" असं फक्त वच्छलानं विचारलं. धुरपता तिरोड्याला गाडीत बसली, गोंदियावरून आमगावला उतरली. स्टेशनाबाहेर पोरं तिरंगा घेऊन घोषणा देत होती. इंग्रज जाणार, असं सगळे म्हणत होते. तिचे केस पांढरे झाले होते.

आई केव्हाच गेली होती. यादोराव ओसरीवर बसलेले होते, डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघ्यावर घोंगडी. कुणी शिकवणीला येत नव्हतं. पायांच्या आवाजावरून त्यांनी विचारलं, "कोन हाये?"

धुरपतानं गाठोडं खाली ठेवलं. नाव सांगितलं नाही, पाया पडली नाही. ओसरीसमोर, पूर्वी पोरं उत्तराला उभी राहायची तिथे उभी राहिली आणि म्हणाली, "डाउन द हिल, विथ टू बुलक्स अँड अ ड्रम, केम खुशाल." आवाज घोगरा होता, पण एकही शब्द अडला नाही. मग म्हणाली, "सब्जेक्ट, खुशाल."

म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. जन्मभराची सवय, ती कुठे जाते? "बरोबर," ते म्हणाले. "बस खाली."

ती ओसरीच्या कडेला बसली. उत्तर देऊन त्या ओसरीवर ती पहिल्यांदाच बसली होती. यादोरावांनी चाचपडत तिचा हात शोधला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"पोरी," ते म्हणाले, "हे तुले त्या दिवशी आलं असतं त आज कुठी राहिली असती तू. मी समद्या पोरायले सांगतो. एवढी हुशार पोरगी, आन् ऐन येरेवर तिले आलं नाई."

धुरपतानं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिला वाटलं होतं, ते लपवत असतील. ते लपवत नव्हते. इतकी वर्षं सांगून सांगून त्यांचं ते खरं झालं होतं. काढलेली पोत, सुलोचनाबाईंचा प्रश्न, स्वतःचं ते इंग्रजी वाक्य, सगळं कुठेतरी गळून गेलं होतं आणि म्हाताऱ्याजवळ उरली होती फक्त एक न येणारी मुलगी, जिच्यासाठी ते मनापासून रडत होते.

तिनं आपला हात सोडवून घेतला.

"मले त्या दिवशी बी येत होतं, बाबा," ती म्हणाली. "पोत तुमी काढली होती. मले येत नाई, हे कोनी म्हटलं? इचारा ना क्रियापदाले. कोनी म्हटलं?"

 यादोरावांचे ओठ हलले, एकदा, दोनदा, एका शब्दापाशी येऊन थांबले. घोंगडीवर त्यांची बोटं नसलेल्या बटणाशी चाळा करायला लागली. मग त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना आठवलं आहे. धुरपता थांबली. तिला घाई नव्हती, परत जायची गाडी नव्हती आणि बोलवायला कुणी येणार नव्हतं. बराच वेळ गेला तरी ते बोलले नाहीत.

ज्याला उत्तर येत नाही त्यानं उभं राहायचं, हा नियम त्यांचाच होता. पण यांना उत्तर येत होतं, आणि गुडघेही धड नव्हते, म्हणून तिनं त्यांना उभं केलं नाही. ती उठून आत गेली आणि चूल पेटवायला काड्या शोधू लागली.